उणे दूध

मृग कोरडा गेला. रोज दुपारी आभाळ भरून येतं, दारात घुटमळतं आणि चहा न घेता निघणाऱ्या पाहुण्यासारखं संध्याकाळी पांगतं. लातूरच्या रस्त्यांवर टँकर अजून चालूच आहेत. त्यांच्या मागच्या नळीतून गळणाऱ्या पाण्याची एक ओली रेघ डांबरावर उमटते आणि ती सुकायच्या आत गल्लीतली कुत्री तिच्यावर नाक टेकवत चालत जातात. अशा दिवसांत आमच्या दूध संघात पत्रक निघालं, की सध्याचं सॉफ्टवेअर 'आयुर्मान संपलेलं' असून ते लवकरच निवृत्त करण्यात येईल. माणसाबद्दल असं पत्रक काढताना आपण निदान कोपऱ्यात एखादं फूल तरी छापतो.

पत्रक वाचलं आणि नाकात एक वास आला. धुतलेल्या स्टीलचा, जरासा आंबूस. बरीच वर्षं झाली त्या उन्हाळ्याला, पण पाऊस लांबला की तो वास पहिल्यांदा येतो आणि बाकीचं सगळं त्याच्या मागून.

त्या उन्हाळ्यात चारा संपला, तशी जनावरं बाजाराला गेली आणि दूध आटलं. संघाचे दुधाचे टँकर आवारात ऊन खात उभे राहिले. मग वरून हुकूम आला, की याच टँकरमधून गावांना पाणी न्या. टँकर सोड्याने धुतले, कढत पाण्याने धुतले, पण दूध चिवट असतं. पाण्याला वास राहिलाच. खेड्यातली पोरं म्हणायची, संघाचं पाणी गोड लागतं. एका म्हातारीने त्या पाण्याचा कोरा चहा करून पाहिला आणि दूध घातलेल्या चहात नि यात काही फरक नाही असा निर्वाळा दिला. संघाच्या दुधाची ओळख तिला आधीपासून असावी.

पाणी वाहण्यात अडचण नव्हती. अडचण ते लिहिण्यात होती. आमचं तेव्हाचं सॉफ्टवेअर फार जुनं, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. नांदेडच्या एका क्लासवाल्या सरांनी कधीकाळी ते लिहून दिलं होतं. सरांनी पुढे तो नाद सोडून मंगल कार्यालय काढलं आणि ते सुखी झाले. त्या सॉफ्टवेअरला जगात एकच गोष्ट ठाऊक होती: गावाकडून संघाकडे दूध येतं. संघाकडून गावाकडे काही जाऊ शकतं, ही कल्पनाच त्यात नव्हती. आमच्या कारभाराचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही.

शेजारच्या टेबलावर काळेबाई बसायच्या. टँकरच्या नोंदी आणि डिझेलच्या चिठ्ठ्या त्यांच्याकडे.

"पाणी कुठं लिहायचं?" मी विचारलं.

"दुधाच्या रकान्यात."

"अहो, दूध नाही ते."

"मग उणे करा. येतं ते अधिक, जातं ते उणे." त्यांनी चष्मा पुसला. "आणि दूध काय नि पाणी काय, आपल्याकडं कुणी एवढं बघून राहिलंय?"

तसंच झालं. पाण्याची प्रत्येक खेप उणे दूध म्हणून चढू लागली. छापणारं यंत्र करकर करत चिठ्ठी बाहेर टाकायचं, त्यावर गावाचं नाव, टँकरचा क्रमांक आणि उणे चिन्ह. त्या चिठ्ठीवर संघाच्या पंपातून डिझेल मिळायचं. एका सभेत अध्यक्षांनी गाववार अहवाल वाचताना अमुक गावाने संघाला इतकं उणे दूध दिलं असं खणखणीत आवाजात वाचलं. मागच्या रांगेतून एकाने टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली.

ही मूर्ख युक्ती होती आणि तिच्यावर कित्येक गावं जगत होती. जुन्या सॉफ्टवेअरचं हेच असतं. ते बनवणाऱ्याने जे लिहिलं ते थोडं, आणि वापरणाऱ्यांनी अडलं तेव्हा जे रेटून बसवलं ते फार. बाहेरून पाहणाऱ्याला ते सगळं चुकीचंच दिसतं. आपल्याकडच्या विहिरींचं आतलं बांधकाम पाहिलंय का? चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. कुठला दगड नुसता बसलाय आणि कुठला दुसऱ्या दहांना धरून बसलाय, हे काढल्याशिवाय कळत नाही.

त्याच वर्षी नवा जिल्हा होणार अशी हवा होती. लातूरचा एक तुकडा, नांदेडचा एक तुकडा, असं काहीतरी शिवून. मुख्यालय कुठे, यावरून बंद झाले, उपोषणं झाली, उपोषणं सोडवायला लिंबूसरबत झालं. खरी चलती होती रंगाऱ्यांची. दुकानदार पाट्या नव्याने रंगवून घेत आणि सांगत, 'जि.'च्या पुढं जागा मोकळी ठेव. चाकूरकडून लोह्याकडे जाताना अशा पाट्याच पाट्या लागायच्या. किराणा व भुसार, गावाचं नाव, तालुका, 'जि.' आणि पुढे नुसता पिवळा रंग. एका दुकानदाराला मी म्हटलं, "आणि नाहीच झाला जिल्हा, तर?"

"तर काय? रंग तर झाला न्हवं," तो म्हणाला.

आमचे अध्यक्ष दूरदृष्टीचे होते. जवळचं त्यांना कमी दिसायचं. उद्या जिल्हा झाला तर आपला संघ तयार पाहिजे, असं त्यांच्या मनाने घेतलं आणि जुन्या सॉफ्टवेअरमध्ये दोन जिल्हे मावत नाहीत, हे नवीन आणण्याचं कारण ठरलं. पुण्याच्या कंपनीकडून एक बाई आल्या. हुशार होत्या, नम्र होत्या, स्वतःचं पाणी स्वतः घेऊन यायच्या. उणे दूध पाहून त्या हसल्या नाहीत. पाण्यासाठी त्यांनी वेगळं पान करून दिलं. इथवर सगळं बरं होतं. मग त्यांनी अध्यक्षांना विचारलं, "सर, दुसऱ्या जिल्ह्याचं केंद्र कुठे दाखवू?"

"नियोजित लिहा."

"तिथले टँकर?"

"नियोजित."

"चिठ्ठीवर सही कोणाची?"

अध्यक्ष मनापासून हसले. "तेही होतील की नियोजित."

बाईंनी लिहून घेतलं. नकाशा पसरून अध्यक्षांनी काही गावं नव्या जिल्ह्यात टाकली. त्यातल्या बहुतेक गावांना संघाचं पाणी लागत नव्हतं. एकाला लागत होतं. जो जिल्हा जगात कुठेच नव्हता, तो आमच्या संगणकात रंगासकट तयार झाला, आणि ते एक गाव त्यात राहायला गेलं.

ते गाव कवठवाडी. लातूर संपतं आणि नांदेड सुरू होतं तिथल्या माळावर एका विहिरीभोवती बसलेली घरं. तिथल्या दूध संस्थेचे सचिव गुरुनाथअप्पा. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, आवाज कधी चढायचा नाही. त्यांची लेक सुमन माहेरीच असायची, दुधाची फॅट तपासायचं काम तीच करायची. दूध बंद झाल्यावर तपासायला काही उरलं नव्हतं. टँकर आला की नळी त्या विहिरीत सोडायची आणि मग गावाने शेंदायचं, अशी तिथली रीत. टँकर चुकला की विहिरीच्या तळाशी जे साचेल ते. ते पोहऱ्यात येत नसे. कुणीतरी दोराला धरून खाली उतरायचं, वाटीने घागर भरायची, वरच्यांनी ओढायची. सुमन अंगाने किरकोळ, म्हणून बहुतेक वेळा तीच उतरायची.

अक्षय्य तृतीयेला मांडव पडला. नवीन सॉफ्टवेअरचं उद्घाटन आणि जुन्याचा निरोप समारंभ एकाच खर्चात. जुना संगणक टेबलावर ठेवून त्याला हार घातला, शाल पांघरली. अध्यक्ष बोलताना गहिवरले. संघाच्या प्रगतीचा हा मूक साक्षीदार, असं ते म्हणाले. मूक नव्हता तो. त्याचा पंखा जात्यासारखा वाजायचा, पण त्या दिवशी वायर काढलेली होती. नवा जिल्हा मागणारी पुढारी मंडळी पहिल्या रांगेत होती, त्यांच्या जिल्ह्याचं नाव पडद्यावर झळकलं तेव्हा घोषणा झाल्या. नारळ फोडला, त्याचं पाणी शिपायाने भांड्यात धरलं. त्या दिवसांत तेवढंही कुणी सांडू देत नसे. मग संगणक हार-शालीसकट काचेच्या कपाटात ठेवून ते कपाट दर्शनी दालनात उभं केलं. आल्या-गेल्याला दिसावं म्हणून.

त्या आठवड्यात फोन आला. काळेबाईंनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"शरणार्थी, बाई," गुरुनाथअप्पांचा लिंगायती नमस्कार आला. "टँकर आला न्हाई."

काळेबाईंनी शोधलं, पुन्हा शोधलं. "अप्पा, तुमचं गाव इथं दिसत नाही."

"गाव हितंच हाय. म्या गावातूनच बोलून राहिलो."

"दुसऱ्या जिल्ह्यात गेलंय."

"कवा?"

"अक्षय्य तृतीयेला."

"बरं. मंग तिकडचा नंबर द्या."

"तो जिल्हा अजून झालेला नाही, अप्पा."

मग शांतपणे विचारलेलं ऐकू आलं, "मंग आमी ऱ्हातो कुठं, बाई?"

यंदा, मागच्या आठवड्यात सभागृहात थंडगार हवेत बसून नवीन कंपनीचं सादरीकरण पाहताना मला तो प्रश्न आठवत होता. पडद्यावर बाण होते, वर्तुळं होती. जुन्यातून नव्यात जाताना माहितीची साफसफाई होते, असं सांगणारा तरुण फार गोड बोलत होता. साफसफाई हा शब्द ऐकला की मी खुर्चीत ताठ होतो. घरात साफसफाई निघाली की पहिल्यांदा काय फेकलं जातं, ते पाहावं. ज्याचा उपयोग घरातल्या सगळ्यात गप्प माणसाला असतो, ते.

अप्पा एसटीने आले. सकाळी लिंगपूजा करून निघाले होते. त्यांची लिंगपूजा त्या उन्हाळ्यात पळीभर पाण्यावर आली होती. तळहातावरच्या लिंगावर ती पळी घालायची आणि तेच तीर्थ म्हणून घ्यायचं. "गावात तेवढं एकच पाणी दोनदा कामाला येतं," ते म्हणाले आणि स्वतःच थोडं हसले. काचेच्या कपाटाशेजारच्या बाकावर ते बसून राहिले. येणारा प्रत्येकजण आधी संगणकाला पाही, मग अप्पांना. दोघांनाही कुणीतरी सत्कारासाठी आणून बसवल्यासारखं दिसत होतं.

अध्यक्षांनी त्यांना प्रेमाने आत घेतलं. चहा मागवला. मी आणि काळेबाई कागद घेऊन उभे होतो.

"अप्पा, एक गाव परत जुन्या जिल्ह्यात घेतलं तर उद्या पेपरात काय येईल? संघाचा जिल्ह्याला विरोध. तुम्हाला नको का जिल्हा?"

"पायजे की," अप्पा म्हणाले. "जिल्हा व्हावा. पर तवर पाणी जुन्या जिल्ह्याचं चालंल आमाला."

"करतो काहीतरी. पुण्याला कळवलंय."

"लवकर करा मालक. सुमन उतरून राहिली हिरीत. सारं बांधकाम सुकलंय. हात लावला की दगुड हलतो. काल वरून खडे पडले तिच्या पाठीवर."

"तिला उतरू देऊ नका ना मग."

अप्पांनी कपातला चहा बशीत ओतला. "आन पाणी?"

दुपारपर्यंत पुण्याच्या बाईंचं उत्तर आलं, की गाव हलवायला अध्यक्षांचं लेखी पत्र लागेल. अध्यक्ष लेखी काही देईनात. तहसिलात विचारलं तर त्यांच्याकडे कवठवाडीपुढे 'संघाचा टँकर चालू' अशी खूण होती, त्यामुळे सरकारी टँकर मिळणार नव्हता. म्हणजे एका यादीत गाव होतं म्हणून पाणी नाही आणि दुसरीत नव्हतं म्हणून. डिझेलच्या चोऱ्या झाल्यापासून हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर पंपवाला डिझेल देत नसे. त्याबद्दल एक जण घरी बसला होता.

टँकरचे ड्रायव्हर मेहबूबमामू दारात टेकून हे सगळं ऐकत होते. "काळेबाई, तुम्ही फक्त चिठ्ठी काढा. गाडी नेतो म्या. पण डिझेलबिगर ती चालत न्हाई, आन माझ्या दुवांवर तर बिलकूल न्हाई. म्या करून बघितलंय."

काळेबाई उठल्या, फळ्यावर लावलेलं निरोप समारंभाच्या वेळचं परिपत्रक काढून आणलं आणि शेवटची ओळ दाखवली. जुन्या सॉफ्टवेअरच्या चिठ्ठ्या महिनाअखेरपर्यंत ग्राह्य धरल्या जातील. महिना सरायला आला होता, पण सरला नव्हता.

"त्या कपाटाची किल्ली कुणाकडंय?" त्यांनी विचारलं.

अध्यक्ष कुठल्याशा सत्काराला गेले होते. त्यांच्यापुरता तो बाराही महिने चालणारा हंगाम होता. किल्ली शिपायाकडे निघाली. त्याच्याच कूलरची वायर लांबवून कपाटापर्यंत आणली. काळेबाईंनी काचेच्या आत हात घातले, हार बाजूला सारला, कळ दाबली. शालीच्या आत पंखा घरघरायला लागला. शालीचे धागे आत ओढले जाऊ लागले, तेव्हा त्यांनी ती उचलून अप्पांच्या मांडीवर ठेवली. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं आली. कवठवाडी होती. तिथेच होती, जिथे ती कायम असायची. छापणारं यंत्र करकरलं. उणे दूध.

मी तेव्हा फार खूश झालो नव्हतो, हे आठवतं. दालनात उजेड होता, पंखा वाजत होता, मामूंनी चिठ्ठी हातात घेऊन डोक्याला लावली. पण एका मृत म्हणून गौरवलेल्या यंत्राला उठवून त्याच्याकडून जिवंत गावाचा पुरावा घ्यावा लागतो, यात काहीतरी अभद्र होतं. अप्पांनाही ते जाणवलं असावं. त्यांनी शालीची घडी घातली आणि ती कपाटात न ठेवता बाकावर ठेवली.

पंपवाल्याने चिठ्ठी उलटीपालटी करून पाहिली. "ही तर गेलेल्याची चिठ्ठी हाय."

"महिनाअखेरपर्यंत जिवंत आहे," काळेबाई म्हणाल्या.

पोच घ्यायला कार्यालयाचं माणूस लागतं म्हणून मी निघालो. केबिनमध्ये मामू, अप्पा, मी. भरलेला टँकर रस्त्यावर गाभण म्हशीसारखा चालतो. वळणावर पाणी आत एका बाजूला जातं आणि सगळी गाडी क्षणभर विचार केल्यासारखी थांबते. दोन्ही बाजूंनी काळी रानं. भेगा एवढ्या, की त्यात हात जावा. काळी जमीन सुकली की नुसती तडकत नाही, आकसते. जे तिला टेकून उभं असतं त्याच्यापासून मागे सरते. खांब कलले होते. एका बांधावरचं झाड कुणी ढकलल्यासारखं तिरकं उभं होतं. मोकळ्या 'जि.'च्या पाट्या मागे जात होत्या. अप्पा एकदाच म्हणाले, "मेहबूबभाई, भोंगा लांबूनच वाजवा. बाया तयार ऱ्हातात."

टँकरचा भोंगा हा त्या उन्हाळ्यातला सगळ्यात मोठा सण होता. तो ऐकू आला की घरांतून घागरी, बादल्या, तेलाचे डबे धावत यायचे. माणसं त्यांच्या मागून. मामूंनी माळाच्या टोकावरूनच भोंगा वाजवला. लांबलचक. मग पुन्हा.

कुणी आलं नाही.

गावात शिरलो. ओट्यांवर घागरी होत्या, दारं उघडी होती. एक शेळी रस्त्यात उभी होती, ती बाजूला झाली नाही. मामूंनी भोंग्यावरचा हात काढला. विहिरीपाशी सगळं गाव पाठमोरं उभं होतं. विहिरीचा एक काठ जिथे असायला हवा होता, तिथे नव्हता.

सुमनला वर काढलेलं होतं. एका खाटेवर ती होती, गुडघ्याखालचा पाय लुगड्यात गुंडाळलेला, लुगडं काळं पडलेलं. डोळे उघडे होते. अप्पांना पाहून ती म्हणाली, "घागर खालीच राहिली."

रुग्णवाहिकेला फोन झाला होता. ती दुसऱ्या कुठल्या तालुक्यात होती. गावात दुसरी गाडी नव्हती. होता तो टँकर, काठोकाठ भरलेला, आणि भरल्या टँकरने चाकूर गाठायला किती वेळ लागेल, ते आम्ही नुकतंच सोसून आलो होतो. मामू खाली उतरले. पाणी सोडायची ती विहीर अर्धी आत गेली होती.

"अप्पा, पाणी कुठं सोडू?"

अप्पांनी विहिरीकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं. त्या पाण्यासाठी ते बाकावर बसले होते. त्या पाण्यासाठी लेक खाली उतरली होती. गावातलं कुणीही त्यांच्याकडे पाहत नव्हतं, म्हणजे सगळेच पाहत होते.

"रस्त्यावर," ते म्हणाले. "सोडा रस्त्यावर आन पोरीला घ्या."

मामूंनी नळीवरचं चाक फिरवलं. एवढं पाणी एकदम पडताना त्या गावाने कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. त्याचा आवाज मोठा होता. आधी ते धुळीवरून नुसतं घरंगळलं, धूळ अंगावर घेऊन; मग चाकोऱ्या भरल्या. आणि मग बाया पळाल्या. वाट्या, पातेली, पदर, जे हाताशी होतं ते घेऊन त्या रस्त्यावर बसल्या आणि चाकोरीतलं पाणी भरू लागल्या. कुणी रडत होतं, पण हात थांबले नव्हते. काळ्या भेगा ते पाणी पिताना बुडबुड आवाज करत होत्या. दुधाचा वास सुटला होता. खाट केबिनमध्ये बसेना म्हणून आम्ही सुमनला मांडीवर घेतलं आणि रिकामा टँकर उड्या मारत चाकूरच्या दिशेने निघाला. मागे वळून पाहिलं तेव्हा रस्त्यावर ओळीने वाकलेल्या पाठी दिसत होत्या, पेरणीला बसल्यासारख्या.

पाय वाचला, पण सरळ राहिला नाही. अध्यक्षांनी तातडीची बैठक घेऊन कवठवाडीला 'तात्पुरतं' जुन्या जिल्ह्यात ठेवण्याचा ठराव केला. अपघाताचा त्यात उल्लेख नव्हता, लोकहिताचा होता. विहीर एका बाजूने नव्याने बांधली, दुसरी बाजू पुढच्या निधीतून बांधायची होती. नवा जिल्हा झाला नाही. पाट्यांवरच्या मोकळ्या जागेत लोकांनी हळूहळू मोबाइल क्रमांक रंगवून घेतले. अप्पा गेले, त्यांना गावाबाहेरच्या शेतात बसवून माती दिली, त्यांच्यात देतात तशी. काळेबाई निवृत्त होऊन निलंग्याला बहिणीकडे गेल्या. त्यांच्या समारंभात अध्यक्ष शाल घेऊन पुढे झाले तेव्हा त्या म्हणाल्या, "राहू द्या, उकडून राहिलंय," आणि सभेत पहिल्यांदाच खरा हशा पिकला.

कवठवाडीच्या दूध संस्थेची सचिव आता सुमन आहे. काठी घेऊन चालते. पाऊस लांबला की गावाला अजून संघाचाच टँकर जातो. संघात काहीही बदललं, नवीन साहेब आला, नवीन यंत्र आलं, नुसती रंगरंगोटी झाली तरी तिचा फोन येतो. प्रश्न एकच. "भाऊ, आम्ही हाव का?" पहिल्या एकदोन वेळा मी हसलो होतो. आता हसत नाही. मी पाहतो आणि सांगतो, "आहात."

या वेळचं सॉफ्टवेअर म्हणे कुठल्याशा ढगात राहणार आहे. ढगांबद्दल इकडे कुणी विनोद करत नाही, म्हणून सभागृहात कुणी हसलं नाही. गोड बोलणाऱ्या तरुणाने साफसफाईचे नियम वाचून दाखवले. ज्या गावांतून दूध येत नाही ती वगळली जातील. ज्यांच्या नोंदी 'तात्पुरत्या' आहेत त्याही. मी हात वर केला. तो म्हणाला, असे मुद्दे शेवटी घेऊ. शेवटी नाश्ता होता. मी लेखी दिलं, त्याने ते घेतलं आणि 'नक्की' म्हणाला. चाचणी या आठवड्यात सुरू झाली.

आज दुपारी फोन आला. बाहेर आभाळ नेहमीप्रमाणे दारात येऊन उभं होतं.

"भाऊ, काल टँकर आला न्हाई. आम्ही हाव का?"

"असणार. मी लेखी दिलंय," मी म्हणालो.

"बघून सांगा."

मी नाव टाकलं. पडद्यावर एक गोल फिरत राहिला. आता अक्षरं हिरवी नसतात. सगळं पांढरंशुभ्र असतं, दवाखान्यासारखं. गोल थांबला. या नावाचं गाव आढळलं नाही, अशी ओळ आली, आणि खाली नम्रपणे विचारलं होतं, की दुसरं काही शोधायचं आहे का.

मी नाव पुन्हा टाकलं. तिच्या बाजूने कप्पी करकरल्याचा आवाज येत होता, थांबून थांबून.

"सुमन, आत्ता कुठं आहेस तू?"

"हिरीवर."

"आत कुणी उतरलंय का?"

"माझी पोर हाय. कॉलेजच्या सुट्टीला आलीय." तिचा श्वास जड येत होता, फोन खांद्याने कानाशी दाबलेला असावा. "तुम्ही बघा सावकाश. म्या दोर धरून उभी हाय."